पाणीपट्टी आणि चौक सुधारणा: नव्या सभागृहाकडे काय मागायचं?

प्रभागवासी (धागाकर्ता)

मंडळी, पुणे महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. तेव्हापासून जवळजवळ चार वर्षं दर, निविदा, रस्ते, सगळं प्रशासकांच्या सहीने चाललं. जानेवारी 2026 च्या निवडणुकीनंतर 165 नगरसेवक पुन्हा सभागृहात आलेत. म्हणजे करांचे दर आणि चौकांची कामं पुन्हा मुख्य सभेत येणार, चर्चा होणार, मतं पडणार.

धागा दोन विषयांवर काढतोय. एक पाणीपट्टी, दुसरा चौक सुधारणा. दोन्हींचं दुखणं एकच आहे. निर्णय होऊन गेल्यावर आपल्याला कळतं. पाणीपट्टी किती झाली ते मिळकतकराच्या बिलावर दिसतं, आणि चौकाचं काय होणार ते चौकात पत्रे ठोकल्यावर. मतदान व्हायच्या आधी पाण्याचा हिशेब आणि चौकाचा नकाशा आपल्यासमोर आला पाहिजे. तो कसा मिळवायचा, हे इथल्या जाणकारांकडून समजून घ्यायचंय.

एक तारीख सगळ्यांनी लिहून ठेवा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 99 प्रमाणे पुढच्या आर्थिक वर्षाचे करांचे दर सभेने 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. अंदाजपत्रक त्यानंतर, 31 मार्चच्या आत. त्यामुळे बिल हातात पडल्यावर आरडाओरडा करून काही होत नाही. जे बोलायचं ते दिवाळी ते जानेवारी या काळात बोलायला हवं.

समाविष्ट_गावकरी

चांगला विषय काढलात. पण एक सांगतो, राग मानू नका. पाणीपट्टी वाढवावी की नाही, ही चर्चा नळ असलेल्यांची आहे. 2017 मध्ये 11 गावं मनपात आली, 2021 मध्ये आणखी 23. उरुळी देवाची आणि फुरसुंगी 2024 मध्ये बाहेर पडली. बाकीच्या गावांमधल्या कितीतरी सोसायट्या आजही टँकरवर आहेत.

आमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनकाकांची वही असते. टँकरचा नंबर, आल्याची वेळ, आणि तिसऱ्या रकान्यात पाण्याची उंची. वरचं झाकण उघडून बांबूची काठी आत घालतात, ओली कुठवर झाली ते बोटांनी मोजतात आणि लिहितात. उन्हाळ्यात एका पानावर दोनच दिवस मावतात. देखभाल खर्चात सगळ्यात मोठा आकडा टँकरचा. आम्हाला वाढीव पाणीपट्टी द्या, आनंदाने भरू, पण नळाने पाणी द्या. ज्यांच्याकडे पाइप पोहोचला नाही त्यांच्याकडून पाण्याच्या नावाने काय घ्यायचं आणि काय नाही, हे सभागृहाने आधी ठरवावं.

निवृत्त_पाणीवाला

नोकरी पाणीपुरवठ्यातच गेली (पुण्यात नाही), म्हणून सविस्तर लिहितो. लांबेल.

पुण्यात घरगुती पाणीपट्टी मिळकतीच्या वार्षिक करपात्र रकमेच्या टप्प्यावरून ठरते. किती पाणी वापरलं याच्याशी तिचा संबंध नाही. दोन म्हातारी माणसं मोठ्या फ्लॅटमध्ये राहत असतील तर त्यांची पट्टी जास्त, आणि लहान मिळकतीत आठ माणसं असतील तर कमी. व्यावसायिक नळजोडांना मीटर आहे.

2016 मध्ये चोवीस तास समान पाणीपुरवठा योजनेसाठी तेव्हाच्या सभागृहाने पाणीपट्टीत वर्षानुवर्षांची वाढ मंजूर केली, तीही थेट 2047 पर्यंतची. पुढच्या वर्षी, जून 2017 मध्ये, मनपाने याच योजनेसाठी 200 कोटींचे रोखे 7.59 टक्के व्याजाने विकले. म्हणजे ‘वाढ करू का’ हा प्रश्न पहिल्यांदाच येतोय असं नाही. वाढ आधीच मान्य झालेली आहे. आज विचारायचं ते हे की त्या वाढीच्या बदल्यात जे कबूल केलं होतं ते किती झालं.

योजनेची कल्पना उत्तम आहे, हे आधी सांगतो. शहराचे 141 विभाग करायचे, प्रत्येक विभागाच्या तोंडाशी मोठा मीटर, आणि आत प्रत्येक जोडाला मीटर. रात्री दोन ते चारच्या दरम्यान माणसं झोपलेली असतात, तेव्हा विभागात जे पाणी शिरतं त्यातलं बहुतेक गळतीचं. ते मोजलं की कुठल्या विभागात खोदायचं ते समजतं. असं न करता शहरभर गळती शोधायची म्हणजे अंदाजपंचे काम.

दुसरा फायदा आरोग्याचा. नळाला दोन तास पाणी आणि बावीस तास पाइप रिकामा असेल तर त्या रिकाम्या पाइपात बाहेरचं पाणी ओढलं जातं. शेजारून ड्रेनेजची लाइन गळत असेल तर तेच आत येतं. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी परिसरात जीबीएसचे (गुइलेन-बॅरे सिंड्रोम, नसांवर परिणाम करणारा आजार) रुग्ण वाढले तेव्हा सगळ्यांचं लक्ष पाण्याच्या तपासणीकडे गेलं. पाइप कायम भरलेला आणि दाबाखाली असणं हे क्लोरीनइतकंच महत्त्वाचं आहे.

आता खर्च. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांत मिळून साधारण 29 टीएमसी पाणी मावतं, त्यातलं शहर उचलतं, आणि उरलेल्यावर दौंड-इंदापूरच्या शेतीचा हक्क आहे. मनपा जलसंपदा विभागाला पाण्याचे पैसे देते. मग पर्वती, वडगाव, वारजे, लष्कर इथलं शुद्धीकरण, पंपांची वीज, तुरटी, क्लोरीन, पगार, कर्जाचे हप्ते. या सगळ्याला भाग द्यायचा तो ग्राहकापर्यंत पोहोचलेल्या पाण्याने. गळती जितकी जास्त तितका भाजक लहान, आणि लिटरमागे खर्च मोठा. गळतीचा बोजा प्रामाणिकपणे पट्टी भरणारा उचलतो. म्हणून दरवाढीचा प्रस्ताव येईल तेव्हा त्याच्या शेजारी विभागवार गळतीचा तक्ता असलाच पाहिजे. तो नसेल तर नगरसेवकांनी विषय तहकूब करावा.

मंजिरी_कोथरूड

काका, फार उपयोगी माहिती दिलीत. मीटर लागले की आमच्या 90 फ्लॅटच्या सोसायटीचं बिल कसं काढतील? खाली एकच मोठा मीटर बसवलाय.

निवृत्त_पाणीवाला

मंजिरीताई, नेमका प्रश्न विचारलात. दर टप्प्याचे असतात: पहिल्या अमुक लिटरला कमी दर, पुढच्याला जास्त. चार माणसांच्या घराला दरडोई रोज 135 लिटरने महिन्याला 16,200 लिटर लागतात. हे पहिल्या टप्प्यात बसायला हवं. पण सोसायटीचा मीटर एकच असेल आणि टप्पे त्या एका मीटरला लावले, तर 90 घरांचं मिळून साडेचौदा लाख लिटर होतं आणि सगळी सोसायटी सरळ वरच्या दरात जाते. बंगल्यात एकटं राहणारं कुटुंब स्वस्तात आणि फ्लॅटमधली काटकसर करणारी घरं महागात.

यावर उपाय साधा आहे. टप्पा मोजताना घरांच्या संख्येने गुणायचं. हे दराच्या ठरावातच लिहिलेलं असलं पाहिजे. नंतर परिपत्रक काढू, असं सांगितलं तर मान्य करू नका.

कराडची_वहिनी

मीटरला घाबरू नका एवढं सांगायला आले. कराडशेजारच्या मलकापूरमध्ये चोवीस तास पाणी मीटरवर सुरू होऊन कैक वर्षं झाली. माझी नणंद तिथं राहते. घरात पिंप नाही, हंडे भरून ठेवणं नाही. जास्त वापरलं तर बिल चढतं, म्हणून अंगण पाइपने धुणं लोकांनी आपणहून बंद केलं. आधी विरोध झाला होता तिथंही. पण पाणी खरंच चोवीस तास आलं आणि मग बिल आलं. हा क्रम महत्त्वाचा.

संभाजीनगरचा_अमोल

वहिनी म्हणतात तो क्रम उलटा झाला की काय होतं ते आमच्या शहरात बघा. छत्रपती संभाजीनगरात पाणीपट्टी वर्षाला 4,050 रुपये होती आणि पाणी आठवड्याने, कधी त्याहून उशिरा. जायकवाडीसारखं धरण जवळ असून ही गत. लोक म्हणायचे, आलेल्या दिवसांचा भाव काढला तर आमच्याइतकं महाग पाणी कुणी पीत नसेल. 2022 मध्ये पट्टी निम्मी केली, 2,025 रुपये. तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. पण निम्म्या पट्टीने पाइप काही मोठा झाला नाही. नव्या योजनेचा आकडा 1,680 कोटींवरून 2,740 कोटींवर गेला.

तेव्हा पुण्याच्या मित्रांनो, दर कमी ठेवा एवढीच मागणी करू नका. दर कमी राहिला तरी टाक्यांवर, मोटारींवर आणि जारच्या पाण्यावर खर्च आपलाच होतो, फक्त तो मनपाच्या हिशेबात दिसत नाही. गरिबाला तो जास्त पडतो, कारण त्याच्याकडे साठवायला टाकीच नसते.

हिंजवडी_रोजचा

पाण्याचं चाललंय तर चालू द्या, मी चौकांवर बोलतो. मला विचाराल तर पुण्याला उड्डाणपूल हवेत आणि लवकर हवेत. चांदणी चौकात 2022 च्या ऑक्टोबरात जुना पूल पाडला, ऑगस्ट 2023 मध्ये नवीन रस्ते सुरू झाले. आधी तिथं अडकलं की मीटिंग गेली समजायचं. आता निघतो आणि पोहोचतो. नगरसेवकांनी असे निर्णय पटापट घ्यावेत, प्रत्येक नकाशा लोकांपुढे ठेवत बसलो तर दहा वर्षं जातील.

मंजिरी_कोथरूड

गाडीने जाताना चांदणी चौक सुटसुटीत झाला, हे मान्य. पायी जाऊन बघा. मुंबईकडे जाणारी एसटी नाहीतर खासगी बस पकडायची असेल तर बॅग घेऊन वेगाने येणाऱ्या गाड्यांमधून रस्ता ओलांडावा लागायचा. पादचारी पुलाची मागणी रस्ते सुरू झाल्यानंतर सुरू झाली. एवढ्या मोठ्या कामात पायी चालणारा माणूस नकाशावर आधीच असता तर हे झालं नसतं. नकाशा आधी लोकांना दाखवायचा तो यासाठी. त्यात दहा वर्षं जात नाहीत, महिनाभर जातो.

चौकअभ्यासक

हिंजवडी_रोजचा, तुमची घाई समजते, रोजचा प्रवास माणसाला थकवतो. पण विद्यापीठ चौकाचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. तिथले पूल बांधले आणि 2020 मध्ये पाडलेही, कारण मेट्रो आणि नवा दुमजली पूल त्यांच्यासह बसत नव्हता. पटापट घेतलेल्या निर्णयाचे पैसे आपण दोनदा मोजले, आणि मधली वर्षं गणेशखिंड रस्त्यावर अडकून काढली ती वेगळीच.

चौकाबद्दल मला कळतं ते लिहितो. चार रस्ते मिळतात तिथे गाड्यांचे मार्ग एकमेकांना छेदतात, मिसळतात किंवा फुटतात असे 32 बिंदू असतात. एकपदरी वर्तुळाकार चौकात ते 8 उरतात आणि समोरासमोर किंवा काटकोनात धडक बसायची जागाच राहत नाही. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाच्या आकडेवारीत सिग्नलच्या जागी असा वर्तुळाकार चौक केला की मृत्यू आणि जखमी होणारे अपघात 78 टक्क्यांनी घटतात. तिकडे इंडियाना राज्यात कार्मेल नावाचं छोटं शहर आहे. त्याच्या महापौरांनी 1996 पासून 2023 पर्यंतच्या कारकिर्दीत दीडशेच्या आसपास असे चौक केले.

म्हणून पुण्यात सगळीकडे वर्तुळं करावीत असं मी म्हणणार नाही. वर्तुळातल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, हा नियम आपल्याकडेही आहे, पण पाळला जात नाही. दोन-तीन पदरी वर्तुळ दुचाकींनी भरलं की जागच्या जागी गोठतं. मध्यम रहदारीच्या आतल्या रस्त्यांवर, शाळांजवळ, पेठांच्या कडेला ते चालेल. कर्वे रस्त्यासारख्या ठिकाणी सिग्नलच हवा.

सिग्नल असलेल्या चौकात सुधारणा म्हणजे काय, ते एका आकड्यात सांगतो. रस्ता 24 मीटर रुंद आहे. गुडघे दुखणाऱ्या आजी सेकंदाला 0.8 मीटर चालतात. त्यांना पलीकडे जायला 30 सेकंद लागतात. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा बहुतेक चौकांत त्याच्या जवळपासही नसतो. मधल्या दुभाजकात उभं राहायला दीड-दोन मीटरची सुरक्षित जागा केली, तर तेच अंतर 12 आणि 12 मीटरमध्ये विभागलं जातं, प्रत्येकी 15 सेकंद. त्यासाठी पूल लागत नाही, थोडं काँक्रीट, चार बोलार्ड (गाड्या अडवणारे बुटके खांब) आणि रंग लागतो. दुसरी गोष्ट ‘फ्री लेफ्ट’, म्हणजे सिग्नलला न थांबता डावीकडे वळणं. कोपऱ्याची गोलाई मोठी ठेवली की गाडी वेग कमी न करता वळते, आणि पादचारी अडकतो तो तिथेच. गोलाई कमी करा, झेब्रा पट्टा रस्त्यापेक्षा थोडा उंच करा, वेग आपोआप उतरतो.

पुण्यात हे माहीत नाही असं नाही. 2016 मध्ये मनपाने पादचारी धोरण मंजूर केलं, रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वं केली, जंगली महाराज रस्त्यावर त्याप्रमाणे काम करून दाखवलं. लक्ष्मी रस्त्यावर डिसेंबरात पादचारी दिन होतो. चौक सुधारण्याचा विषय आला की नगरसेवकांनी एकच विचारावं: हा आराखडा आपल्याच 2016 च्या धोरणाप्रमाणे आहे का, आणि नसेल तर का नाही?

हिंजवडी_रोजचा

आजींचं गणित पटलं. पण नवले पुलासारख्या ठिकाणी काय करणार? तिथे रंग आणि बोलार्डने भागणार नाही.

चौकअभ्यासक

नाहीच भागणार. कात्रजच्या नवीन बोगद्यापासून नवले पुलापर्यंत लांब उतार आहे. वजनदार ट्रक न्यूट्रलवर येतात, ब्रेक तापतात. नोव्हेंबर 2022 मध्ये तिथे एका अवजड वाहनाने एकापाठोपाठ अनेक गाड्यांना धडक दिली. नोव्हेंबर 2025 मध्ये तर आग लागून माणसं गेली. तिथला उपाय उतारावरच्या वेगात, ट्रक तपासणीत आणि स्थानिक वाहतुकीला वेगळा सेवा रस्ता देण्यात आहे. शिवाय तो रस्ता राष्ट्रीय महामार्ग, मनपाच्या एकट्याच्या हातात नाही. म्हणून सभागृहाने चौकांची यादी करताना दोन ढीग करावेत: आपल्या अखत्यारीतले, आणि ज्यांच्यासाठी महामार्ग प्राधिकरण, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) किंवा मेट्रोशी बोलावं लागेल असे. आज सगळे एका यादीत असतात आणि अवघड कामाच्या आडून सोपी कामंही राहून जातात.

निवृत्त_पाणीवाला

दोन्ही विषय एका धाग्यात घेतले हे योग्यच झालं. कारण सांगतो.

चौकाच्या पोटात पाण्याच्या लाइनींचे सांधे असतात. चार रस्त्यांच्या लाइनी तिथे जुळतात, म्हणून व्हॉल्व्हही तिथेच. पहाटे व्हॉल्व्हमन येतो, खांद्यावर टी आकाराची कमरेएवढी लोखंडी चावी. चेंबरचं झाकण पहारीने उचलतो, चावी खाली सोडतो, चौकोनी टोक व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसलं की आवाज येतो, मग मोजून फेरे देतो. किती फेऱ्यांना कुठल्या गल्लीत किती दाब जातो, हे त्याच्या हाताला माहीत असतं. कुठल्याही नकाशात ते नसतं.

आता चौक सुधारला. डांबराचा थर चढला किंवा काँक्रीट झालं, आणि चेंबरची झाकणं त्याखाली गेली. पुढच्या आठवड्यात एका गल्लीला पाणी नाही, म्हणून नवाकोरा चौक पुन्हा फोडतात. मी नोकरीत हे इतक्या वेळा पाहिलंय की चौकाचं काम निघालं असं ऐकलं की आधी झाकणांची चिंता वाटते. दरवाढीचा पैसा जातो त्यातला काही भाग असा, एकच जागा दोन खात्यांनी दोनदा खोदण्यात.

मागणी अशी करा: कुठल्याही चौकाच्या सुधारणेच्या विषयपत्राला (सभेपुढे येणाऱ्या प्रस्तावाला) पाणी, ड्रेनेज, पावसाळी गटार, वीज आणि केबलचा एकत्रित नकाशा जोडलेला असावा, आणि पाणीपुरवठा विभागाची सही असावी की इथलं नवीन लाइनीचं आणि मीटरचं काम पूर्ण झालं आहे. सही नसेल तर चौकाचं काम सुरू होऊ नये. आधी खालचं, मग वरचं.

समाविष्ट_गावकरी

याला माझे हजार अनुमोदन. आमच्याकडे रस्ते अजून व्हायचेत. निदान आमच्या गावांत तरी आधी पाइप घाला आणि मग काँक्रीट ओता.

बे_एरियाकर

कॅलिफोर्नियातून लिहितोय, मूळचा सदाशिव पेठेतला. आई-बाबा पुण्यातच आहेत, म्हणून धागा रोज वाचतो.

इथली पद्धत सांगतो, कारण प्रभागवासींच्या मूळ मुद्द्याशी तिचा थेट संबंध आहे. 1996 मध्ये इथल्या मतदारांनी प्रस्ताव 218 मंजूर करून राज्यघटनेतच तरतूद केली. शहराला पाणी, ड्रेनेज, कचरा यांचे दर वाढवायचे असतील तर सुनावणीच्या किमान 45 दिवस आधी प्रत्येक मिळकतीला टपालाने सूचना पाठवावी लागते. त्यात नवे दर, ते कसे काढले आणि सुनावणीची तारीख असते. निम्म्याहून जास्त मिळकतींनी लेखी हरकत घेतली तर वाढ करता येत नाही. असं क्वचितच होतं. पण त्यामुळे शहराला हिशेब छापावाच लागतो.

आणि दर सेवेच्या खर्चापेक्षा जास्त ठेवता येत नाही. 2015 मध्ये सॅन हुआन कॅपिस्ट्रानो या गावाचे टप्प्याचे पाणीदर न्यायालयाने रद्द केले, कारण वरच्या टप्प्याचा दर प्रत्यक्ष खर्चाशी जुळतो हे त्या शहराला दाखवता आलं नव्हतं. निवृत्त काकांनी सोसायटीच्या टप्प्यांबद्दल लिहिलंय, तसाच प्रश्न.

चौकाचंही तसंच. कौन्सिलच्या बैठकीआधी विषयाची सगळी कागदपत्रं, नकाशासकट, संकेतस्थळावर असतात. कुणीही जाऊन माइकवर दोन-तीन मिनिटं बोलू शकतो. शाळेतल्या मुलांनाही मी झेब्रा पट्ट्यासाठी बोलताना पाहिलंय.

वीजग्राहक

हे ऐकून कुणी म्हणेल की अमेरिकेचं अमेरिकेत. पण आपल्याकडे विजेसाठी ही पद्धत आहेच! 2003 च्या वीज कायद्याप्रमाणे महावितरणला दर बदलायचा असेल तर राज्य वीज नियामक आयोगापुढे याचिका टाकावी लागते. ती जाहीर होते, लोक हरकती घेतात, शहराशहरांत जनसुनावणी होते. ग्राहक संघटना आकडे घेऊन उभ्या राहतात, कंपनीला उत्तर द्यावं लागतं. आयोगाचा आदेश कित्येकशे पानांचा असतो आणि त्यात प्रत्येक हरकतीची नोंद असते. लोक सांगतील तसाच दर होतो असं नाही, पण काय मागितलं आणि का नाकारलं ते कागदावर येतं.

धरणातल्या पाण्याचे ठोक दरही जलसंपत्ती नियमन प्राधिकरण सुनावणी घेऊन ठरवतं, 2005 च्या कायद्याने. म्हणजे धरणातून बाहेर पडताना पाण्याच्या दराला सुनावणी आहे, पंपाला लागणाऱ्या विजेच्या दराला सुनावणी आहे, आणि तेच पाणी माझ्या नळाला येतं तेव्हा फक्त ठराव. ही मधली फट भरायला नवा कायदा लागत नाही. मुख्य सभेने स्वतःच ठरवलं की दराचा प्रस्ताव मतांना येण्याआधी एक महिना प्रसिद्ध करायचा आणि प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात सुनावणी घ्यायची, तर तिला कोण अडवणार आहे?

नागपूरकर_वऱ्हाडी

एक सावधानतेचा मुद्दा. आमच्या नागपुरात 2012 पासून पाणी खासगी कंपनीच्या हाती आहे. चांगलं-वाईट दोन्ही ऐकायला मिळते, त्यात जात नाही. पण करार झाल्यावर दर, मीटर, तक्रारी, सगळ्याला ‘करारात असं आहे’ हे उत्तर येतं. तुमच्या शहरातही पाइप आणि मीटरची कामं कंत्राटदारांनी केली आहेत. देखभालीचा करार होईल तेव्हा त्याची प्रत आधी मागा. दरापेक्षा करार जास्त वर्षं टिकतो.

प्रभागवासी

सगळ्यांचे मनापासून आभार. वीजग्राहक, तुमचा मुद्दा मी जसाच्या तसा उचलतोय.

प्रभागातल्या चारही नगरसेवकांना द्यायचं पत्र असं लिहिलंय, कमी-जास्त सुचवा:

‘पाणीपट्टीच्या दराचा कोणताही प्रस्ताव मुख्य सभेत येण्याआधी किमान तीस दिवस मराठीत प्रसिद्ध करावा. त्यासोबत पाणीपुरवठ्याचा स्वतंत्र जमाखर्च, विभागवार गळती, आणि 2016 च्या वाढीतून जमा झालेल्या रकमेचा विनियोग असावा. मीटरने आकारणी सुरू करताना टप्पे सोसायटीतल्या घरांच्या संख्येने गुणावेत, आणि त्या भागात दिवसभर पुरेशा दाबाने पाणी येऊ लागल्यावरच मीटरचं बिल सुरू करावं. नळजोड नसलेल्या मिळकतींबाबत वेगळा निर्णय घ्यावा. चौक सुधारणेच्या विषयपत्राला पादचाऱ्यांच्या मार्गासह आराखडा, जमिनीखालच्या वाहिन्यांचा एकत्रित नकाशा आणि पाणीपुरवठा विभागाचं संमतिपत्र जोडावं. हा आराखडा त्या चौकात फलकावर लावावा.’

निवृत्त_पाणीवाला

‘पुरेशा दाबाने’ असं मोघम नको. ‘तळमजल्यावरच्या टाकीत पंपाशिवाय पाणी पडेल इतक्या दाबाने’ असं लिहा. कुणालाही तपासता येतं.

चौकअभ्यासक

चौकाच्या परिच्छेदात सिग्नलची वेळही घाला. सव्वाशे चौकांत वाहतुकीप्रमाणे वेळ बदलणारे सिग्नल बसवलेत. त्यांत पादचाऱ्यांसाठी किमान किती सेकंद ठेवलेत, हे जाहीर करायला एक पैसा लागत नाही.

मंजिरी_कोथरूड

आणि पत्राखाली माहिती अधिकार कायद्याचं कलम 4(1)(ग) लिहा. लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय घेताना सगळी संबंधित माहिती आपणहून प्रसिद्ध करायची, असं ते कलम सांगतं. अर्ज करून मागायची गरजच पडू नये. आमच्या सोसायटीतल्या एका वकील काकूंनी ही वाट दाखवली.

शिवाय छोटी कामं थांबवून ठेवू नका. पुण्यात 2006 पासून अंदाजपत्रकात नागरिकांना कामं सुचवता येतात. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा. पाच लाखांपर्यंतचं काम सुचवता येतं. दुभाजकातली उभं राहायची जागा, उंच झेब्रा पट्टा, उतरता फुटपाथ, हे सगळं त्यात बसतं. आम्ही शाळेसमोरच्या चौकासाठी या वेळी देणार आहोत. चौकअभ्यासक, हातानं काढलेला साधा नकाशा जोडला तर चालेल का, की मापं टाकावी लागतील?

चौकअभ्यासक

हाताचा चालेल, पण मापं टाकाच. टेप घेऊन रविवारी सकाळी जा, गर्दी नसते. रस्त्याची रुंदी, दुभाजकाची रुंदी, फुटपाथची उंची, आणि शाळेच्या गेटपासून झेब्रा पट्ट्यापर्यंतचं अंतर. चेंबरची झाकणं कुठे आहेत तेही खुणा करून दाखवा, काकांनी सांगितलंच आहे. इथे फोटो टाकलात तर आराखडा मी बघून देतो.

समाविष्ट_गावकरी

प्रभागवासी, पत्राची शेवटची प्रत इथेच टाका. आमच्या भागातल्या सोसायट्यांच्या सह्या मी गोळा करतो. टँकरच्या वहीच्या प्रती पण जोडतो, महिनावार बेरीज करून.